गिरा धबधब्याच्या काठी

सुरतेजवळच्या कामरेज गावी आमचे एक जुने स्नेही राहतात. नोकरीनिमित्त ते तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. तापीच्या काठचा तो मुलूख सपाट, सुपीक. दूरवर उसाचे मळे, आणि मधून महामार्गावर मोटारींची अखंड रीघ. अशा ठिकाणी धबधब्याचे दर्शन कोठून घडावे? परंतु आमच्या स्नेह्यांना छायाचित्रणाचा भारी नाद. "पावसाळ्यात या, गिरा दाखवतो," असे त्यांचे किती तरी वर्षांचे निमंत्रण होते. गेल्या ऑगस्टच्या अखेरीस आम्ही ते स्वीकारले.

पहाटे कामरेज सोडले. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली 1928 साली शेतकऱ्यांनी जेथे सारावाढीविरुद्ध सत्याग्रह केला, ते बारडोली मागे पडले. पुढे व्यारा आले, मग उन्हाळ्यांसाठी, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी, प्रसिद्ध असलेले उनाई. त्यानंतर जमीन हळूहळू वर उचलू लागली, आणि साग व बांबू यांच्या रानातून आम्ही वघईस पोहोचलो. हे डांगाचे प्रवेशद्वार. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या काळात, 1913 साली, बिलिमोऱ्याहून येथवर अरुंद रुळांची आगगाडी आली, तिचे कारण हेच लाकूड. त्याच्याही आधी, 1842 मध्ये, इंग्रजांनी येथील राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले होते. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले तेव्हा डांग गुजरातेत गेला. पण येथील डांगी बोली कानी पडली की मराठी माणसास आपल्याच घरातील दूरचे आप्त भेटल्यासारखे वाटते.

वघईपासून गिरा धबधबा सुमारे 4 किलोमीटर. वाहन न करता आम्ही पायीच निघालो. वाट ओली, हवा ओली. स्नेही पुढे, खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी आणि हाती तिपाई. आम्ही मागे, दोघांची छत्री सांभाळत. धबधबा दिसण्यापूर्वी ऐकू आला. मग बांबूच्या टोपल्या व सुपे विकणाऱ्यांची खोपटी लागली, आणि त्यांच्यापलीकडे अंबिकेचे पात्र एकाएकी उघडे झाले.

गिरा उंचीपेक्षा रुंदीने मन भरून टाकतो. काळ्या पाषाणाच्या एका लांब पायरीवरून पाणी अनेक धारांनी खाली येते. हा पाषाण सह्याद्रीचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एक थर कठीण, दुसरा मऊ. मऊ थर झिजत जातो, कठीण थर टिकतो, आणि नदीला उडी घेण्यास कडा मिळतो.

स्नेह्यांनी आम्हांस आपल्या कलेचे मर्म सांगितले. कॅमेऱ्याची झडप एका सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकीच उघडली, तर थेंब न् थेंब हवेत थबकतो. अर्धा सेकंद उघडी ठेवली, तर पाणी रेशमासारखे दिसते. त्यासाठी तिपाई स्थिर हवी आणि भिंगापुढे गडद काच हवी. "पण ही जागा नव्हे," ते म्हणाले, "त्या खालच्या खडकावरून सारी रुंदी एका चौकटीत येईल." खडक पात्रात होता, कोरडा होता, ऊन पडले होते. आम्हांस ते रुचले नाही. पण इतक्या वर्षांच्या निमंत्रणाचा मान राखावा म्हणून आम्ही तोंड मिटून राहिलो. आमची चूक ती हीच.

ते खडकावर गेले, तिपाई मांडली. तोच मकईची कणसे भाजणारी एक म्हातारी उठून काठावर आली आणि मोठ्याने हाका मारू लागली. तिचे बोट पाण्याकडे होते. मघा मातकट दिसणारी धार तांबडी होत चालली होती. वाळकी पाने, काटक्या वाहत येत होत्या. आमच्या माथ्यावर ऊन असले तरी अंबिका उगम पावते त्या सापुताऱ्याकडच्या डोंगरांत पाऊस कोसळला होता.

"अहो, सोडा ते सारे, या वर!" आम्ही ओरडलो. स्नेह्यांनी एकवार तिपाईकडे पाहिले. तो एक क्षण आम्हांस अजून आठवतो. मग कॅमेरा छातीशी धरून ते परतले. शेवटच्या दोन पावलांना पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागले. थोड्याच वेळात खडक दिसेनासा झाला आणि तिपाई वाहून गेली.

आम्ही म्हातारीचे आभार मानले. तिने नुसती मान हलवली आणि आमच्या हाती दोन कणसे ठेवली. पैसे मात्र कणसांचेच घेतले, अधिक नाही.

वर येऊन, खोपटाच्या खांबाला हात टेकून, स्नेह्यांनी एकच छायाचित्र घेतले. ते किंचित हललेले आहे. पाणी त्यात रेशमासारखे नाही, तांबडे व रागीट आहे. कामरेजच्या त्यांच्या घरी आज तेच भिंतीवर लावलेले आहे. येणारे-जाणारे विचारतात, "यात विशेष ते काय?" स्नेही चौकटीच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, "येथे एक खडक होता."