गुरं किती?

नेब्रास्काच्या सँडहिल्समधल्या, गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांमधल्या एका छोट्या बँकेत मी कर्जविभागात लागलो आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. समोर बसलेल्या रँचवाल्याला सरळ विचारलं, "गुरं किती तुमची?" तो टोपीची कड चाचपत गप्प बसला. तो गेल्यावर साहेब म्हणाले, "तुझ्या खात्यात किती शिल्लक आहे, असं मी चारचौघांत विचारलं तर?"

आपल्याकडे सोयरिकीत 'शेती किती?' हाच पहिला प्रश्न! तिकडे तो असभ्यपणा. पण कर्ज तर गुरांच्याच तारणावर, मग आकडा कळायचा कसा?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला त्याच रँचवर नेलं. कुरणाचं फाटक जेमतेम उघडलं आणि गायी ओळीने बाहेर पडू लागल्या. साहेब दोन-दोन करून मोजत होते. शंभर झाल्या की एक खडा डाव्या खिशातून उजव्यात. ओठ हलत नव्हते. मध्येच मालकाशी पावसाच्या गप्पा. माझा हिशोब दीडशेच्या आतच कोलमडला.

साहेब स्वतः रँचवरच वाढलेले. चौघं भावंडं, पण रँच थोरल्याकडे गेली. तिथे एका गायीला हंगामभर दहा-बारा एकर कुरण लागतं. वाटण्या केल्या तर कुणाचंच भागत नाही. म्हणून हे बँकेत आले. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेतला प्राइम रेट, म्हणजे बँकांचा कर्जावरचा आधारभूत व्याजदर, २१.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा थोरल्याचं कर्ज यांच्याच बँकेत होतं. यांनी ती फाइल सहकाऱ्याकडे सोपवली. भावाला निम्मी गुरं विकावी लागली. एवढंच सांगून ते विषय बदलायचे.

मार्च २०१९ चं हिमवादळ ऐन वासरं जन्मायच्या दिवसांत आलं. रस्ते मोकळे होताच सत्तरीचे साहेब गाडीत चिकाच्या पावडरीच्या पिशव्या टाकून निघाले. मी सोबत होतो. एका गोठ्यामागे मेलेली वासरं रचून ठेवली होती. साहेबांनी पिशव्या उतरवल्या, जगलेल्या एका वासराला बाटली लावली. किती गेली, हे त्यांनी विचारलं नाही. त्या दिवशी खडेही खिशातच राहिले.

ते जाऊन तीन वर्षं झाली. आता अर्जातच गुरांच्या आकड्याचा रकाना आहे. मी तो कोरा ठेवतो आणि फाटकाशी जाऊन उभा राहतो. माझी मोजणी अजून दोन-तीन गुरांनी चुकते.