मागल्या पंक्तीचीं अक्षरें

मनुष्य सेवानिवृत्त झाला, कीं त्याच्या हातून जीं अविचाराचीं कृत्यें घडतात, त्यांत नातवंडांना शिकविण्याची हौस ही पहिल्या प्रतीची समजली पाहिजे. गेल्या उन्हाळ्यांत ती मला झाली.

माझी मुलगी लंडनला असते. तिचा साडेचार वर्षांचा मुलगा तीन आठवड्यांसाठीं कोल्हापुरास आला होता. पहिले दोन दिवस तो शेजारच्या मुलांशीं भरपूर मराठी बोलला. तिसऱ्या दिवशीं एकाएकीं गप्प झाला. चौकशी करतां कळलें, कीं 'शाळा'चें 'शाला' आणि 'काळा'चें 'काला' केल्यामुळें मुलें त्याला हंसलीं होतीं. तेव्हांपासून स्वारी इंग्रजी बोलूं लागली, आणि जेथें इंग्रजीनें भागत नसे तेथें मानेनें काम भागवूं लागली. मुलीला त्याचें फारसें कांहीं वाटलें नाहीं. मला मात्र झोप येईना. आणखी चार वर्षांनीं हा मुलगा फोनवर 'आबा' एवढेंच म्हणेल, आणि पुढच्या संभाषणासाठीं मध्यें दुभाष्या लागेल, हें चित्र डोळ्यांपुढून हलेना.

मग मीं एक बेत आंखला. येत्या रविवारीं घरचीं व शेजारचीं मिळून पांच मुलें आमच्या सोप्यांत जमवावयाचीं, आणि दिवसभर परीकथांच्या आधारें त्यांना अक्षरओळख करून द्यावयाची. जाड कागदाचे पत्ते कापले, प्रत्येकावर चित्र काढलें, खालीं नांव लिहिलें आणि नांवाचें पहिलें अक्षर लाल शाईनें रंगविलें. क कावळ्याचा, च चिमणीचा, भ भोपळ्याचा, म म्हातारीचा, र राक्षसाचा, ह हिमगौरीचा. अल्लाउद्दिनाला अ देऊन टाकला. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठींत आणल्यापासून तो घरचाच झाला आहे. ॲ साठीं ॲलिस मिळाली. २००९ सालीं शासनानें ॲ आणि ऑ यांना वर्णमालेंत रीतसर जागा दिली, तिचा एवढा तरी उपयोग मला झाला. ढ पाशीं थोडा थबकलों. अशोकाच्या ब्राह्मी लिपींतला ढ आणि आजचा ढ यांच्या आकारांत बावीसशें वर्षांत फारसा फरक पडलेला नाहीं; मठ्ठ मुलाला 'ढ' म्हणतात तें यावरूनच, असें सांगतात. त्याला एक ढग देऊन मीं पुढें सरकलों.

अडलों तो ण आणि ळ पाशीं. ङ आणि ञ यांची कोणी विचारपूस करीत नाहीं, तेव्हां त्यांची मला भीति नव्हती. पण ण आणि ळ हीं रोजच्या बोलण्यांतलीं अक्षरें. आणि तरी जैन मंडळींचा णमोकार सोडला, तर त्यांनीं सुरू होणारा शब्द मला सांपडेना. णमोकार तरी मूळचा प्राकृतच. छापील तक्त्यांत 'ण बाणाचा' आणि 'ळ बाळाचा' असतो, म्हणजे बिचाऱ्यांना शेंपटाला धरून पंक्तीस आणून बसविलेलें असतें. या दोघांच्या नांवावर राजपुत्र नाहीं, राक्षस नाहीं, साधा बुटकासुद्धां नाहीं! आणि माझ्या नातवाचें घोडें अडलें होतें तें नेमकें ळ वर.

या निमित्तानें बालशिक्षणावरचीं जुनीं पुस्तकें चाळलीं. १९०७ सालीं रोममध्यें बालगृह काढणाऱ्या माँटेसरीबाई खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलांच्या बोटांखालीं देत. आपल्याकडचीं धूळपाटीवर गिरविलेलीं धुळाक्षरें म्हणजे तीच युक्ति, फक्त छडीसकट. लहान मुलांना परीकथा सांगणें मात्र बाईंना पसंत नव्हतें. उलट त्यांना मानणाऱ्या गिजुभाई बधेकांनीं गोष्टींच्या शास्त्रावर सबंध ग्रंथ लिहिला. आणि गिजुभाईंबरोबर भावनगरास काम केलेल्या ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डीस खेड्यांतल्या मुलांसाठीं संसार मांडला. आमच्याच शहरांत ना. सी. फडक्यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनीं १९८५ सालीं सृजन आनंद विद्यालय काढलें. तेथें मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला केवढा मान! हें सारें वाचून मीं काय केलें? वेळापत्रक केलें. नऊ ते साडेनऊ, स्वर.

साडेनऊला तें मोडलें. मुलांनीं भोपळ्याचा पत्ता पळविला, राक्षसावरून दोघांची झोंबाझोंबी झाली, आणि नातू खांबाला टेकून मुकाट्यानें बसून राहिला. तेवढ्यांत सौभाग्यवती परातींत रवा पसरून घेऊन आल्या. "अहो, गोष्ट सांगणार आहांत कीं हजेरी घेणार?" असें म्हणून त्यांनीं चिमणी आणि कावळ्याची गोष्ट सुरूहि केली. मी रुसून बाजूला बसलों.

गोष्ट रंगांत आली असतां शेजारची सहा वर्षांची मुलगी माझे पत्ते निरखीत होती. "आबा, चिमणीचें शेवटचें अक्षर कां नाहीं रंगविलें?" तिनें विचारलें. मीं पाहिलें, तें 'णी' होतें. शेजारीं कावळा होता, त्याच्या शेंपटीशीं 'ळा'. मराठी मूल जी गोष्ट बहुधा सर्वांत आधीं ऐकतें, तिच्या दोन्ही पात्रांच्या पदरीं हीं दोन अक्षरें बसलेलीं, आणि आयुष्यभर ती गोष्ट ऐकून-सांगून मला तीं दिसलीं नव्हतीं! मीं लाल शाई आणली. मुलांनीं रव्यांत बोटांनीं ळ काढले. नातवानेंहि काढला, आणि तो सर्वांत वाटोळा होता.

पण अक्षर काढणें निराळें आणि उच्चारणें निराळें. जीभ मागें वळवून टाळूला कशी लावावयाची, हें मीं त्याला सविस्तर समजावून दिलें. त्यानें ती बाहेर काढून दाखविली.

दुपारीं पोळीबरोबर गूळ होता. आमच्याकडचा गूळ चिकट. त्याचा एक खडा नातवाच्या टाळूला चिकटून बसला, आणि तो सोडविण्यासाठीं जीभ आपसूक मागें वळली. "काय खातोस रे?" आजीनें विचारलें. जीभ वरच्या वर ठेवून तो म्हणाला, "गूळ." अगदीं शुद्ध नव्हे; ल आणि ळ यांच्या सरहद्दीवर, निपाणीच्या आसपास कोठें तरी. कोणी हंसलें नाहीं, कारण सर्वांचीं तोंडें भरलेलीं होतीं. तो स्वतःच हंसला, आणि पुन्हां म्हणाला. मग पुढें तासभर रंकाळा, पन्हाळा, मिसळ, केळ, मंगळवार पेठ असा नुसता गलका चालला होता. त्यांतला निम्मा ल होता. पण मराठींत होता. आईनें हांक मारली तेव्हां त्यानें तिलाहि मराठींतच गप्प बसविलें.

ज्ञ पर्यंत आम्ही पोहोंचलोंच नाहीं. उरलेल्या पत्त्यांच्या पाठीवर सौभाग्यवती हल्लीं किराण्याची यादी लिहितात. कालच्या यादीच्या मागें राक्षस होता, आणि पुढें पहिलीच ओळ: गूळ, दोन किलो, लंडनला पाठवावयाचा.