अंगावरची बाकी

चौक गावच्या नाक्यावरून इर्शाळगड समोर दिसतो. त्याच मुलखात, डोंगराच्या कुशीत एक कातकरी वाडी आहे. तिथल्या एका आजीचं देणं माझ्याकडे आहे.

२०१६ सालची गोष्ट. मी बालसंरक्षणाच्या कामात नवीन होते. आजीजवळ तिच्या लेकीची आठ वर्षांची मुलगी होती. पोरीचे आईबाप दोघंही गेलेले. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे, नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलाला प्रायोजकत्वाची मदत मिळू शकते. तेव्हा ती महिन्याला २,००० रुपये होती. अट अशी की ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २४,००० रुपयांच्या आत हवं.

दिवाळीच्या तोंडावर मी गृहचौकशीला गेले. मामा-मामी वीटभट्टीवर निघायच्या तयारीत होते. मी विचारलं, "पैसे किती मिळतात?" मामा म्हणाला, "जोडीची तीस हजार उचल घेतलीय." मी उत्पन्नाच्या रकान्यात ३०,००० लिहिले. पोरीचं प्रकरण मर्यादेबाहेर गेलं आणि परत आलं.

ते सांगायला मी पुन्हा वाडी चढले. आजी ओट्यावर सूप घेऊन बसली होती. चिडली नाही. मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, "बाई, तो पैसा आमचा नाय. तो भट्टीवाल्याचा."

मग तिने हिशेब सांगितला. उचल पावसातच संपलेली असते: तांदूळ, आजारपण, गणपतीतले कपडे. ती फेडायला दिवाळीनंतर भट्टी गाठायची. हजार विटांमागे दर, आठवड्याला बाजारापुरती खर्ची. पावसाच्या तोंडाला मालक वही उघडतो, उचल आणि खर्ची वजा करतो. उरलं तर हातात, नाही उरलं तर बाकी अंगावर. मागल्या साली त्यांच्या अंगावर पाच हजार राहिले होते. म्हणजे त्या घरात पैसा नव्हता, कर्ज होतं. तेच मी उत्पन्न म्हणून लिहून आले होते. अशा उचलीपायी माणसं बांधली जातात म्हणून १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं. तरी रकाना भरताना ते आठवलं नाही.

"आन् त्यांची चूल तिकडं भट्टीवर," ती पुढे म्हणाली. "माझी इथं. पोर माझ्या चुलीवर जेवते."

माझी दुसरी चूक ती होती. कुटुंब कुणाला धरायचं, हेच मी विचारलं नव्हतं. आजीचं रेशनकार्ड वेगळं होतं. तिची कमाई म्हणजे वैशाखात करवंदं आणि जांभळं, पहिल्या पावसात खेकडे, आषाढात लोकांच्या खाचरात भाताची लावणी, उरलेल्या दिवसांत लाकडाची मोळी. पुढचा तासभर आम्ही महिन्या-महिन्याने मोजलं. ती सांगत होती, मी लिहीत होते. बेरीज २४,०००च्या कितीतरी आत आली.

नवा गृहचौकशी अहवाल, तलाठ्याचा जबाब, तहसिलीचा नवा दाखला. यात चार महिने गेले. दर महिन्याचे २,००० धरले तर ८,००० रुपये. ते त्या पोरीला कधीच मिळाले नाहीत. मदत मंजुरीपासून सुरू झाली, मागची नाही. मंजुरीचं पत्र घेऊन गेले, तेव्हा आजीने मला कोऱ्या चहासोबत उकडलेले करांदे खायला घातले. माझ्यामुळे उशीर झाला, हे तिला नीट कळत होतं. तिने तो विषय काढला नाही. मीही त्या दिवशी माफी मागितली नाही. ती पुढच्या खेपेला मागितली, तेव्हा तिने हात हलवून विषय पोरीच्या शाळेवर नेला.

आता मिशन वात्सल्य योजनेत ही मदत ४,००० रुपये झाली आहे, ग्रामीण मर्यादा ७२,०००. आकडे वाढले, ते बरं झालं. पण दाखल्यावर उत्पन्नाची ओळ अजून एकच आहे. तिच्यात खेकडे मावत नाहीत आणि कर्ज कमाईसारखं दिसू शकतं.

१९ जुलै २०२३च्या रात्री त्याच इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. आईबाप गमावलेली मुलं मागे उरली. घरांसोबत घरातले कागदही गेले. त्या दिवसांत मला आजीचा ओटा सारखा आठवत होता: एखाद्या मुलाची चूल आता कुठे आहे, हे कागदाआधी कुणीतरी तिथे बसून विचारायला हवं.

आजी गेली. नात कर्जतला शिकते. मी अजून गृहचौकशीला जाते. "कमाई किती?" हे नंतर. चहा होईपर्यंत आधी विचारते, "अंगावर किती आहे?"