आजीचा हापूस

इ. स. २०१४ च्या मे महिन्यात मी लंडन येथे काकांकडे गेलो होतो. आमची रत्नागिरीची आजी तेथे आजारी होती. तिला हापूस खावासा वाटला, म्हणून मी मोठ्या आशेने साउथॉलमधील एका आशियाई किराणा दुकानी गेलो. परंतु मालात फळमाशी आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंबा, वांगी, कारली, पडवळ व अळू यांची आयात बंद केली होती! निरुपायाने मी परदेशी आंबे घेतले आणि ‘हापूसच आहे’ असे आजीस सांगितले. फळ हुंगून ती किंचित हसली व म्हणाली, “गोड आहे हो, बाळ.” आंब्यावरील बंदी २०१५ साली उठली, माझी लाज मात्र अद्याप गेलेली नाही.