कुणी न शिकवलेलं

माणूस जे शिकतो त्यातलं बरंचसं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ऐकायला हे शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखं वाटेल, पण मानसशास्त्रात यावर रीतसर प्रयोग झालेले आहेत. अलीकडे मी त्यांच्याच नादी लागलोय.

मरे सिडमन नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका १७ वर्षांच्या मुलाबरोबर केलेला प्रयोग त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. मुलाला वाचता येत नव्हतं. पण एखाद्या वस्तूचं नाव ऐकलं की तो तिच्या चित्रावर बोट ठेवायचा, आणि चित्र दाखवलं की त्याचं नाव सांगायचा. सिडमन यांनी त्याला एकच नवी गोष्ट शिकवली: शब्द ऐकायचा आणि समोरच्या छापील शब्दांतून तो निवडायचा. असे २० सोपे इंग्रजी शब्द. छापील शब्द आणि चित्र यांची जोडी त्याला कधीच लावून दाखवली नव्हती. तरीही नंतर तपासलं तेव्हा तो छापील शब्द बघून नेमकं चित्र निवडत होता. शब्द मोठ्याने वाचतही होता.

याला ‘स्टिम्युलस इक्विव्हॅलन्स’ म्हणतात. मराठीत चेतकांची समतुल्यता म्हणता येईल, पण शब्द जड आहे, तेव्हा सोडून देऊ. कल्पना साधी आहे. अ म्हणजे ब असं शिकवलं तर ब म्हणजे अ हे वेगळं सांगावं लागत नाही. वर ब म्हणजे क असंही शिकवलं तर अ आणि क यांची गाठ आपोआप पडते. १९८२ मध्ये सिडमन यांच्या गटाने माकडं, बबून आणि लहान मुलांना असाच सराव दिला. जोडी उलटी करणं मुलांना जमलं, माकडांना नाही. पुढे १९९३ साली कॅलिफोर्नियातली रिओ नावाची एक सी-लायन मादी ही परीक्षा पास झाली, त्यामुळे आपण माणसांनी फार फुशारकी मारू नये.

आमच्याकडे हे रोज संध्याकाळी मक्तबमध्ये घडतं. माझी भाची सकाळी मराठी शाळेत जाते आणि असरनंतर हाफिजसाबकडे कायदा शिकते. (हा कायदा म्हणजे अरबी मुळाक्षरांचं पुस्तक, वकिलांचा नव्हे.) हाफिजसाब अक्षर दाखवतात, उच्चार करून घेतात. अर्थ सांगत नाहीत, तशी पद्धतच नाही. एक दिवस ती सरावाचे शब्द हिज्जे करत वाचत होती. एका शब्दावर थांबली, दोनदा उच्चारला आणि ओरडली, “मामू, ये तो अपनी किताब है!” हातातलं पुस्तक तिने मला वर करून दाखवलं. घरात आम्ही दखनी बोलतो, त्यामुळे ‘किताब’ हा आवाज आणि ती वस्तू यांची जोडी तिच्याकडे आधीच होती. हाफिजसाबनी आवाज आणि अक्षरं यांची जोडी दिली. तिसरी तिने स्वतः लावली. ‘कलम’, ‘दुनिया’, ‘सब्र’ या शब्दांचंही तसंच झालं. शाळेतला बदकाचा ब आणि कायद्यातला बे एकच, हेही तिला कुणी सांगितलेलं नाही.

पण त्याच पानावरच्या बाकीच्या शब्दांचा ती सुरेख उच्चार करते आणि पुढे जाते. ते आवाज घरात कधी कानावर पडलेले नसतात, मग गाठ पडणार कशाशी? आमच्यातले कितीतरी लोक अख्खं कुरआन असं वाचतात, आणि त्याचा सवाब आहेच. तरी मला वाटतं, हाफिजसाबनी आठवड्याला चार-पाच शब्दांचे अर्थ सांगितले, तेही पोरांच्या घरच्या बोलीत, तर पुढचं काम पोरं स्वतः करतील. मोहल्ल्यात मी हे बोललो की लोक विषय बदलतात.

हेच यंत्र माणसांच्या नावांवरही चालतं. उत्तर आयर्लंडमध्ये नावावरून समोरचा कॅथलिक की प्रोटेस्टंट हे लोक ताडतात. तिथल्या संशोधकांनी १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी कॅथलिक आडनावं काही निरर्थक शब्दांशी जोडायला शिकवली, मग तेच निरर्थक शब्द प्रोटेस्टंट चिन्हांशी. आता चिन्ह दाखवलं तर शिकवल्याप्रमाणे कॅथलिक आडनाव निवडायला हवं. इंग्लंडच्या लोकांनी ते निवडलं. उत्तर आयर्लंडच्या अनेकांना जमेना. त्यांचा हात प्रोटेस्टंट नावाकडे गेला. प्रयोगशाळेतले काही तास आणि लहानपणापासूनची शिकवण, यांत जिंकलं कोण ते उघड आहे. आणि ‘शिकवण’ म्हणायचं तरी कसं? प्रत्येक जोडी कुणी समोर बसवून घोकून घेतलेली नसते.

भीतीही अशीच पसरते. १९९४ च्या एका प्रयोगात निरर्थक आकृत्यांचे गट तयार केले. मग एका गटातल्या एका आकृतीबरोबर सौम्य विजेचा झटका दिला. त्या गटातल्या बाकीच्या आकृत्यांबरोबर झटका कधीच दिला नव्हता, तरी त्या दिसल्या की लोकांच्या त्वचेवर भीतीची नोंद होऊ लागली. पुण्यात मी भाड्याने घर शोधत होतो तेव्हा फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा आवाज बदलायचा. “आत्ताच एकांना दिलं हो.” त्यातल्या कुणाचंही कधी कुणा मुसलमानाने काही बिघडवलं असेल असं मला वाटत नाही.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका आकृतीबरोबरचा झटका बंद करून तिची भीती घालवली, तेव्हा गटातल्या बाकीच्यांचीही भीती ओसरली. म्हणजे एकाच्या ओळखीने सगळ्यांचं काम व्हायला हवं.

आम्हाला अखेर जिथे घर मिळालं तिथे खालच्या मजल्यावर एक काकू राहतात. सुरुवातीचे सहा महिने जिन्यात मान खाली घालून जायच्या. आता गावाला जाताना किल्ली आमच्याकडे ठेवतात, ईदला शीरखुर्मा हक्काने मागतात. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरचं घर बघायला एक मुस्लिम कुटुंब येऊन गेलं. संध्याकाळी काकू वर आल्या आणि हळूच म्हणाल्या, “ते तुमच्यासारखेच आहेत ना हो?”

मी म्हणालो, “काकू, मी त्यांना ओळखत नाही.”

जूनमध्ये ते लोक राहायला आले. पहिल्या दिवशी काकूंनी त्यांच्यासाठी चहा केला आणि थर्मास माझ्या हातात देऊन वर पाठवला.