मिरकरवाड्यातला खारा बांगडा

मे अखेरीस रत्नागिरीला उतरलो की आम्ही आधी मिरकरवाड्याच्या बंदराकडे वळतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्यामुळे हे शेवटचे आठ दिवस घराघरांत मासळी खारवायची घाई. बोट थांबली की खलाशाची रोजी थांबते, मग दस्तरखानावर भाताबरोबर हीच मासळी.

आमच्या नात्यातल्या खाला पडवीत बसून बांगडा पाठीतून चिरतात, पोटाकडची कातडी मात्र अखंड ठेवतात. आतडी, कल्ले काढून रक्त स्वच्छ धुवायचे. चार किलो मासळीला किलोभर जाडे मीठ. बरणीत कातडी खाली, मांस वर असे थर. शेवटचा थर तेवढा उलटा. वर पाट आणि दगड. रात्रीतून पाणी सुटते. कातडी फाटलेला बांगडा त्यात मऊ पडून सुटायला लागतो, म्हणून तो त्याच दिवशी तव्यावर जातो.

तीन दिवसांनी ऊन दाखवायचे. इथे खाला फार कडक! भर दुपारच्या उन्हात कातडी आणि वरचे मांस टणक होते, ओलावा आत कोंडतो आणि बांगडा आतून कुजतो. सकाळचे ऊन, खाऱ्या वाऱ्याची झुळूक आणि जमिनीपासून उंच बांधलेले जाळे बरे. वाळूवर सुकवलेली बाजारातली मासळी दाताखाली कचकचते. आम्ही ती घेत नाही.

यंदा दोनच बरण्या भरल्या. एक कुवेतच्या मुलासाठी, तीन पिशव्यांत बांधून. खालांची बोटे आता आखडतात, म्हणून सुरी नातीच्या हाती दिली. पहिले दोन बांगडे फाटले, तिसरा नीट उघडला.