माईंची अपुरी यात्रा

काशीरामेश्वर करून आलेलीं माणसें पूर्वीं गांवोगांवीं असत. परंतु त्या प्रवासाचा वृत्तान्त लिहून ठेवण्याची बुद्धि त्यांपैकीं फारच थोड्यांस झाली. आमच्या माईंनीं तर तिकिटापलीकडे कागद म्हणून जवळ बाळगला नाहीं. त्यांना जाऊन आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. तथापि त्यांच्या एका यात्रेचा हिशेब आमच्याकडे बाकी आहे, म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

माई म्हणजे आमच्या वडिलांच्या आत्या. जन्म १९०८ चा. नवव्या वर्षीं लग्न झालें आणि १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या सांथींत, दहाव्या वर्षीं, वैधव्य आलें. सासरच्यांनीं वाईस माहेरीं आणून पोंचविलें, तें कायमचेंच. पुढें आमच्या आजी लवकर वारल्या, तेव्हां आमचे वडील व त्यांचीं तीन भावंडें माईंच्याच हातीं लहानाचीं मोठीं झालीं. कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेस असत. कोणाचें दुखणें, कोणाची मुंज, कोणाचें बाळंतपण. माईंस विचारल्यावांचून घरांत पान हालत नसे. असें असून स्वतःकरितां एक लुगडें मागतांना त्यांना कोणी पाहिलें नाहीं. त्या मागत ती गोष्ट एकच: यात्रा.

आमच्या आजोबांचा स्वभाव कडक. विधवा बहिणीनें घाटावरील कीर्तनास जावें कीं नाहीं, याचाही ते विचार करीत. परंतु काशीस जाणाऱ्यास अडविणें हें पाप, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळें १९३४ सालीं गांवांतील चार वडील बायकांबरोबर माई पहिल्यानें वाठार स्टेशनावर गाडींत बसल्या. पुढें द्वारका झाली, जगन्नाथपुरी झाली, १९५१ मध्यें बदरीनाथ झालें. मोटारीचा रस्ता तेव्हां बदरीनाथापर्यंत पोंचला नव्हता. शेवटचा डोंगर त्या पायींच चढल्या. काशीहून आणिलेल्या गंगेच्या दोन गडूंपैकीं एक घेऊन १९५६ मध्यें त्या रामेश्वरीं गेल्या.

सर्वांत जागृत असें देवस्थान कोणतें वाटलें, असें आम्हीं एकदां विचारलें. त्या हसून म्हणाल्या, "गर्दीत देव दिसायचा केवढा! पण त्याचं नांव घेतलं कीं घराचं दार उघडायचं, म्हणून मला देव फार आवडे." आम्हीही तेव्हां हसलों. त्या वाक्याचा अर्थ ध्यानीं यावयास आम्हांस पन्नाशी गांठावी लागली.

पडवींत बसून त्या आम्हां मुलांस भूगोल सांगत. नकाशा नसे. भुसावळ सुटलें कीं तापीचा पूल, तिला पैसा टाकायचा. इटारसीस पाणी भरून घ्यायचें. मद्रासेस एका स्टेशनावर उतरून दुसऱ्या स्टेशनावरून पुढची गाडी धरायची. पांबनच्या पुलावर दोहों बाजूंस समुद्र, तेथें कोणी बोलायचें नाहीं. पुढें शाळेंत हाच भाग आम्हीं वर्षानुवर्षें शिकविला. परंतु मुलांच्या डोळ्यांत तो समुद्र उभा राहिलेला कधीं दिसला नाहीं.

रामेश्वराच्या पुढें धनुष्कोडीस सेतुस्नान करून माईंनीं तेथील मूठभर वाळू पितळेच्या डबींत भरून आणिली होती. काशीची गंगा रामेश्वरास वाहावी व सेतूची वाळू प्रयागास त्रिवेणींत सोडावी, म्हणजे यात्रा पुरी होते. पण वडिलांचा संसार, आमचीं शिक्षणें, बहिणींचीं लग्नें यांत प्रयाग मागें मागें पडत गेलें. मध्यंतरीं २२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं वादळांत धनुष्कोडी गांवच उद्ध्वस्त झालें. पांबनहून निघालेली गाडी लाटांनीं गिळली. शंभराहून अधिक उतारू गेले. वडिलांनीं ती बातमी वर्तमानपत्रांतून वाचून दाखविली, तेव्हां आम्ही सात वर्षांचे होतों. माईंनीं ती पुन्हां एकदां वाचावयास सांगितली, आणि मागील दारीं जाऊन, कडाक्याच्या थंडींत, त्या नेसत्या लुगड्यानिशीं डोक्यावरून न्हाल्या.

वडिलांनीं विचारलें, "माई, आपलं कोण होतं तिथं?"

"एका बाईनं ऊन ऊन भात वाढला होता," त्या म्हणाल्या. "तिची भाषा येत नव्हती, म्हणून नांव विचारायचं राहिलं."

१९८६ च्या पावसाळ्यांत माईंनीं ती डबी आमच्यापुढें ठेविली. "आतां एवढी प्रयागास पोंचवायची. तूं बरोबर चल." त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, आम्ही नोकरींत नुकतेच कायम झालेलों. आधीं सहामाही, मग वार्षिक परीक्षा, मग त्यांना न सोसणारा उन्हाळा, अशीं कारणें निघत गेलीं. शेवटीं आम्हीं काशीखंडांतील मानसतीर्थांचा आधार काढला: सत्य हें तीर्थ, क्षमा हें तीर्थ, आणि मनाची शुद्धि हें सर्वांत श्रेष्ठ तीर्थ. माईंनीं मान हालवीत सर्व ऐकून घेतलें व म्हटलें, "खरं आहे हो. पण मनाला गाडींत बसायला आवडतं." मग डबी उचलून त्यांनीं फडताळांत ठेविली. पुन्हां ती गोष्ट काढिली नाहीं. १९८८ च्या श्रावणांत त्या गेल्या. दुसऱ्या गडूंतील गंगा त्यांच्या मुखीं घातली ती आम्हींच.

२०१५ मध्यें सेवानिवृत्त होतांच मार्गशीर्षांत आम्ही उभयतां प्रयागास गेलों. नावेंतून संगमावर जाऊन डबी उघडली. एकुणसाठ वर्षें जपलेली वाळू पाण्यांत सोडावयास क्षणभरही लागला नाहीं. यात्रा पुरी झाली, असें भटजींनीं सांगितलें. शास्त्रदृष्ट्या तें खरेंही असेल. परंतु परतीच्या गाडींत आम्हांस खिडकीजवळची जागा मिळाली होती, आणि तेथें बसवेना. तापीचा पूल आला तेव्हां मात्र उठून एक नाणें टाकलें.

'तीर्थ' शब्दाची व्युत्पत्ति आम्ही विद्यार्थ्यांस हौसेनें सांगत असूं: ज्याच्या योगें तरून जातात तें तीर्थ. दहाव्या वर्षीं विधवा झालेली मुलगी कशाच्या योगें तरून गेली, हें एका घरांत राहून आम्हांस कळूं नये, याची खंत आतां कोणापुढें सांगावी? ज्यांच्या घरीं कोणी वडील बाई अमुक ठिकाणीं जावयाचें म्हणत असेल, त्यांनीं आधार काढीत बसूं नये, तिकीट काढावें. वाळू काय, मागाहून कोणीही पोंचवितो.